खेकडा पुढ्यात आला की ग्लास बाजूलाच राहतो

हिवाळ्यात ऑफिसच्या कामासाठी जपानच्या उत्तरेला होक्काइदोला जायची संधी आली तर सोडू नका, असं मी टोकियोतल्या आमच्या मराठी ग्रुपवर कायम सांगत असते. यंदा फेब्रुवारीत माझाच नंबर लागला. साप्पोरोच्या शाखेत एका सिस्टिमचं काम होतं, ते संपलं त्या संध्याकाळी तिथल्या टीमने मला खेकडे खायला नेलं. माणशी १०,००० येनांच्या आसपास, ९० मिनिटं, खेकडे हवे तितके आणि पेयंही हवी तितकी. जपानीत खाण्याच्या भागाला ताबेहोदाई म्हणतात, पिण्याच्या भागाला नोमिहोदाई. मांस, सुशी, केक, सगळ्याचंच इथे ताबेहोदाई असतं आणि मी त्यांच्या फार वाटेला जात नाही. पण मी मालवणजवळच्या आचऱ्याची आहे. खाडीच्या कुर्ल्यांवर, म्हणजे खेकड्यांवर, वाढलेल्या माणसाला खेकड्यांचं ताबेहोदाई म्हटल्यावर नाही म्हणता येत नाही.

साप्पोरोत खाण्यापिण्याचा मोहल्ला म्हणजे सुसुकिनो. चौकात त्या निक्का व्हिस्कीच्या दाढीवाल्या बाबाची भलीमोठी पाटी, खाली ट्राम, आणि फुटपाथच्या कडेला कमरेइतके बर्फाचे ढीग. आम्ही ऑफिसातून ओदोरी स्टेशनपर्यंत जमिनीखालच्या रस्त्याने आलो, तिथून वर आलो तेव्हा नाकातला श्वास गोठतोय असं वाटत होतं. दुकान एका इमारतीत चौथ्या मजल्यावर. बूट काढून आत जायचं, खाली पाय सोडून बसायची बैठक, टेबलाच्या मधोमध गॅसची शेगडी. प्रत्येकाच्या पुढ्यात गरम ओला टॉवेल, कागदाचा एप्रन, एक कात्री, एक लांबट बारीक चमचा ज्याचं दुसरं टोक दोन दातांचं, आणि टरफलांसाठी दोघांत एक बादली.

वेटर मुलीने गुडघ्यावर बसून नियम सांगितले. टेबलावरच्या सगळ्यांनी हाच कोर्स घ्यायचा, एकाने घेऊन बाकीच्यांनी वाटून खायचं नाही. पेयाचा एक ग्लास रिकामा झाला की दुसरा. वेळ संपायच्या ३० मिनिटं आधी शेवटची ऑर्डर. खेकडा मागवून टाकला तर वेगळे पैसे. हा शेवटचा नियम मला मनापासून पटतो. त्याचं कारण पुढे येईल.

आम्ही सहा जण. साप्पोरो शाखेचे बुचो, म्हणजे विभागप्रमुख, माझ्या उजव्या हाताला. साठीला आलेले, ऑफिसात मोजकं बोलणारे. बसता बसता कळलं की ते मूळचे नेमुरोचे, होक्काइदोच्या पूर्वेच्या अगदी टोकाचे, आणि त्यांचे वडील खेकड्याच्या बोटीवर होते. मी म्हटलं, माझे आजोबाही रापणीला जायचे. रापण म्हणजे काय ते हातवारे करून सांगितलं, किनाऱ्यावरून सगळ्या गावाने मिळून ओढायचं जाळं. त्यांनी मान हलवली आणि त्या क्षणापासून माझं ताट त्यांनी आपल्या ताब्यात घेतलं.

आधी बीअर आली. साप्पोरो क्लासिक ही फक्त होक्काइदोत विकली जाणारी बीअर, त्यामुळे टोकियोहून आलेल्या माणसाने तीच मागायची. कानपाई, म्हणजे चिअर्स, झालं, सगळ्यांनी एक मोठा घोट घेतला, हिमोत्सवाच्या गर्दीवर गप्पा सुरू झाल्या. तेवढ्यात परात आली आणि टेबलाचा आवाज बंद झाला.

परातीत तीन जातींचे खेकडे होते. झुवाई, ज्याला इंग्रजीत स्नो क्रॅब म्हणतात, बारीक लांब पायांचा. ताराबा, म्हणजे किंग क्रॅब, काटेरी आणि मनगटाएवढ्या जाड पायांचा. आणि के-गानी, तळहातापेक्षा जरा मोठा, अंगभर आखूड राठ केस असलेला. सगळे मिठाच्या पाण्यात उकडलेले आणि थंड केलेले. हळद नाही, तिखट नाही, खोबरं नाही. मी फोटो काढून आईला पाठवला. तिचं उत्तर लगेच आलं, "केवढे लांब पाय गो! आणि मसालो खंय असा?"

बुचोंनी ताराबाचा तुकडा उचलला आणि मला पाय मोजायला सांगितले. नांग्या धरून आठ. मग झुवाईचे मोजले. नांग्या धरून दहा. ताराबा हा दिसायला खेकडा असला तरी कुळाने शंखात राहणाऱ्या खेकड्यांच्या जवळचा, त्याची शेवटची जोडी इतकी लहान की कवचाआड दडलेली असते. आमच्या किनाऱ्यावर ओहोटीला शंख पाठीवर घेऊन चालणारे ते इवले जीव आठवा. त्यांचा हा थंड समुद्रातला भाऊबंद पाय पसरले तर मीटरभराच्याही पुढे जातो. मी हे वाचलेलं नव्हतं असं नाही, पण परातीतल्या तुकड्यावर बोट ठेवून मोजण्यात वेगळीच मजा आहे.

मग त्यांनी झुवाईचा पाय सोलून दाखवला. कात्रीला हात लावला नाही. पायाचा सांधा दोन्ही हातांत धरायचा, सांध्याच्या जरा वरच्या अंगाला कवच एकदाच कट्कन मोडायचं, आणि मग ओढायचं, पण अगदी सावकाश. घाई केली तर मांस आतच तुटतं. सावकाश ओढलं तर आतली पांढरी चपटी शीर मांसाला धरून बाहेर येते आणि तिच्यासोबत अख्खी सळी निघते, बाहेरून लालसर, आतून पांढरी, टोकाला धागे सुटलेली. तो तुकडा त्यांनी माझ्या ताटलीत ठेवला. व्हिनेगरची वाटी शेजारी होती. ते म्हणाले, पहिला तुकडा कशातही बुडवायचा नाही.

गोड. आधी हेच डोक्यात आलं. साखरेचा नाही, ओल्या नारळाच्या जवळ जाणारा एक गोडवा, मागे हलकं समुद्राचं मीठ. खेकड्याच्या मांसात ग्लायसिन आणि अॅलानिन ही गोडसर चवीची अमिनो आम्लं भरपूर असतात, त्याचा हा परिणाम. आमच्या कुर्लीतही तो गोडवा असतोच. नांगी फोडून रस्सा झटकून खाल्ली की कळतो. पण आम्ही तो तिखट आणि कोकमाच्या मागे उभा करतो. इथे तो एकटाच समोर होता.

मला दोन्ही हवंय, हे मी स्पष्ट सांगते. "मसाल्याने खेकड्याची चव मारली जाते" असं म्हणणारे लोक मला पटत नाहीत. ज्यांनी कुर्ल्यांचं सांबारं, म्हणजे आमचा मालवणी रस्सा, नीट खाल्लेलं नाही, त्यांचं हे म्हणणं आहे. आजी बारीक पाय पाट्यावर वाटायची, त्यात पाणी घालून ते फडक्यातून गाळायची आणि तो करडा रस वाटपात घालायची. भाजलेलं खोबरं, कांदा, मालवणी मसाला हे सगळं नंतर. त्या रश्शाची खरी चव कवचाची असते, मसाला तिला उचलून धरतो. बुचोंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी हातातला पाय खाली ठेवला आणि पुन्हा सांगायला लावलं. मग त्यांनी नेमुरोच्या तेप्पो-जिरुबद्दल सांगितलं. तिथल्या हानासाकी खेकड्याचे पाय कवचासकट तोडून मिसोच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या, सारात उकळतात. मांस थोडंच मिळतं, पण कवचाचा अर्क सगळा सारात उतरतो. मिसो की मसाला एवढाच फरक, बाकी दोन्हीकडच्या बायकांनी एकच गोष्ट ओळखली होती.

एव्हाना पंचवीसेक मिनिटं झाली होती आणि टेबलावर फक्त कवच मोडल्याचा आणि बादलीत टरफल पडल्याचा आवाज होता. खेकडा खाताना माणसं गप्प होतात, असं जपानी लोक स्वतःच म्हणतात. आमच्याकडे नेमकं उलट. आमच्या घरी कुर्ल्यांच्या जेवणाला सगळ्यात जास्त गडबड, कोणाला डेंगा म्हणजे नांगी मिळाली, कोणाला लाख म्हणजे आतली अंडी मिळाली, यावरून पोरांची भांडणं. पण गप्प बसून खाण्यातही एक जवळीक असते, हे मला त्या रात्री कळलं. समोरची मुलगी, कामात माझ्याशी अत्यंत औपचारिक बोलणारी, तिने काही न बोलता एक नीट निघालेली सळी माझ्या ताटलीत सरकवली. मी माझी एक तिला दिली.

आणि या सगळ्यात पेयं? ती कुणी पीतच नव्हतं. हवी तितकी प्या म्हणून पैसे भरलेले, पण हात ओले, बोटांना मांसाचे धागे चिकटलेले, ग्लास उचलायचा तर आधी टॉवेलला हात पुसायचे, आणि पुसून झाले की पुन्हा पाय दिसतो. माझ्या बीअरचा फेस केव्हाच बसला होता. हायबॉलमधला, म्हणजे सोडा घातलेल्या व्हिस्कीतला, बर्फ विरघळून गेला. जपानी ऑफिसच्या पार्टीत शेजाऱ्याचा ग्लास रिकामा दिसला की भरायचा असतो, ही पद्धत मी इतक्या वर्षांत एकदाही मोडलेली पाहिली नव्हती. त्या रात्री कुणाचं लक्षच नव्हतं. मला वाटतं, खेकडा आणि अमर्याद दारू एका पाटीवर लिहिणाऱ्या दुकानदाराला हे पुरेपूर ठाऊक असणार. बिर्याणी किंवा मटण घास घेऊन गिळता येतं. खेकडा प्रत्येक घासाला दोन्ही हात आणि सगळं लक्ष मागतो. "हवं तितकं" हे शेवटी तुमची बोटं किती वेगाने चालतात त्यावर ठरतं.

पेयाची खरी गाठ पडली ती के-गानीशी. हा खेकडा मांसासाठी कमी आणि कवचातल्या गरासाठी जास्त. पाठीचं कवच उघडलं की दोन्ही बाजूंना करड्या बोटांसारखे कल्ले दिसतात. ते खायचे नाहीत, ओढून टाकायचे. मधोमध हिरवट पिवळा दाट गर, ज्याला इथे कानी-मिसो म्हणतात. बुचोंनी दोन पायांचं मांस कुस्करून त्याच गरात मिसळलं आणि कवचच शेगडीवर ठेवलं. कडेने बुडबुडे आले, तसा वास सुटला. थोडं खाऊन झाल्यावर उरलेल्या गरात त्यांनी आत्सुकान, म्हणजे गरम केलेली साके (तांदळाची दारू) ओतली आणि कवच माझ्या हातात दिलं. दोन्ही हातांनी धरून प्यायचं. खारट, किंचित कडवट, तोंडात बराच वेळ रेंगाळणारं. मी साके फारशी पीत नाही. ही मात्र पूर्ण प्यायले आणि दुसरं कवच मागवलं. या कोर्समधल्या पेयांचे पैसे त्या दोन कवचांत वसूल झाले असं मी म्हणेन.

झुवाईच्या एका कवचावर मिरीएवढे काळे गोल ठिपके होते. मला वाटलं खेकडा खराब आहे की काय. बुचो उलट खूश झाले. समुद्रातली एक जळू कडक कवचावर अंडी घालते, त्यांचे हे ठिपके. खेकड्याने कात टाकली की जुनं कवच ठिपक्यांसकट जातं. तेव्हा ठिपके जास्त म्हणजे कात टाकून बराच काळ झालेला, म्हणजे आतून भरलेला, असं इथले लोक मानतात. आमच्याकडे हाच हिशोब चंद्रावर चालतो. अमावस्येच्या कुर्ल्या भरलेल्या, पौर्णिमेच्या पोकळ. आई बाजारात कुर्ली उचलून आधी वजन बघते, मग पोटाची बाजू अंगठ्याने दाबते; दबली तर परत ठेवते. शेवटी शोध एकाच गोष्टीचा, कात टाकलेला रिकामा खेकडा पैसे देऊन घरी येऊ नये.

मी वेटर मुलीला विचारलं, हे कुठले? के-गानी होक्काइदोचा, बाकी दोन्ही रशियातून आलेले, गोठवलेले. तिने न लाजता सांगितलं आणि मला ते आवडलं. जपान समुद्राच्या पश्चिम भागातल्या झुवाईचा हंगाम ६ नोव्हेंबरला उघडतो, ९ सेंटीमीटरपेक्षा लहान कवचाचा नर धरायला बंदी आहे, आणि फुकुइ भागातल्या झुवाईला तर एचिझेन खेकडा म्हणून पिवळा बिल्ला लावून विकतात. तसला एकच खेकडा या सगळ्या जेवणापेक्षा महाग पडू शकतो. तो ताबेहोदाईत येणं शक्य नाही. गोठवलेल्याला नाक मुरडायचं कारण नाही, फक्त तो सावकाश वितळवलेला हवा. टोकियोत मागे एका ठिकाणी अशाच कोर्सला गेले होते, तिथे पाय नुसते खारट आणि पाणचट, मांस दातांत दोऱ्यासारखं. घाईने वितळवला की रस सगळा पाण्यात जातो आणि मागे चोथा राहतो. इथे एकही पाय तसा निघाला नाही.

खेकडा कुठून येतो हा विषय निघाल्यावर बुचो पहिल्यांदाच जरा लांब बोलले. अलास्काजवळच्या बेरिंग समुद्रात २०२२ साली स्नो क्रॅबचा हंगाम इतिहासात पहिल्यांदा पूर्ण रद्द करावा लागला. २०१८ नंतरच्या काही वर्षांत तिथून १० अब्जांहून जास्त खेकडे नाहीसे झाले. समुद्र तापला, गरम पाण्यात खेकड्याच्या शरीराला जास्त अन्न लागतं, ते मिळालं नाही आणि ते उपासमारीने मेले, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे. त्याच वर्षी अमेरिकेने रशियाच्या मासळीवर बंदी घातली, जपानने घातली नाही. आमच्या पुढची परात त्या सगळ्या उलाढालीतून आलेली होती. हे ऐकल्यावर खाणं सोडावं असं मला वाटलं नाही. पण मागवलेलं टाकायचं नाही या नियमाकडे मी दुकानाचा कंजूसपणा म्हणून यापुढे बघणार नाही. एका झुवाई नराला धरण्याजोगं व्हायला दहाएक वर्षं लागतात. तो अर्धवट कुरतडून बादलीत फेकणं मला पाप वाटतं, हा शब्द मी विचारपूर्वक वापरतेय.

शेवटच्या ऑर्डरची वेळ झाली तेव्हा टेबलावरच्या तरुण मुलांनी आणखी एक परात मागवली. मी आणि बुचोंनी ताराबाचे दोनच पाय घेतले, शेगडीवर भाजायला. कात्रीने पांढऱ्या, मऊ बाजूने उभा छेद द्यायचा, कवचाची बाजू खाली ठेवायची आणि उलटायचं नाही, म्हणजे रस आतच राहतो. भाजलेला ताराबा उकडलेल्यापेक्षा कितीतरी चांगला. उकडलेला थंड ताराबा मला तरी जाड आणि थोडा एकसुरी वाटला. दिसायला राजा, चवीला झुवाईच्या मागे. बरेच लोक याच्या उलट सांगतील.

शेवटी शेगडीवर पातेलं ठेवून खेकड्याच्या सारात भात आणि अंडं घालून झोसुई केलं. हे आमच्या पेजेच्या जवळचं. मुलांनी हात पुसले, आणि मग एकदम आवाज वाढला, ग्लास उचलले गेले, ज्या गप्पा तासाभरापूर्वी तुटल्या होत्या त्या जिथल्या तिथून पुढे सुरू झाल्या. पिण्यासाठी तेव्हा दहा मिनिटं उरली होती.

टोकियोला परतल्यावर मी बुचोंना मालवणी मसाल्याचं पाकीट कुरियरने पाठवलं, सोबत सांबाऱ्याची कृती जपानीत लिहून, पाय वाटून गाळण्याच्या पायरीखाली रेघ मारून. त्यांनी हानासाकीवर प्रयोग केला, ओल्या खोबऱ्याऐवजी डब्यातलं नारळाचं दूध वापरून. पत्नीला तिखट लागलं, त्यांनी स्वतः रस्सा भातावर घेऊन तीनदा खाल्ला, असं कळवलंय.

ज्यांना साप्पोरोला जाऊन हा कोर्स घ्यायचा आहे त्यांनी आधी विचारून घ्या की के-गानी त्यात आहे का. स्वस्त कोर्समध्ये तो बहुतेक वेळा नसतो, आणि तो नसेल तर कवचातली साकेही नाही. शाकाहारी माणूस सोबत असेल तर त्याचेही पूर्ण पैसे लागतील, आणि त्याला रामेनच्या, म्हणजे सारातल्या नूडल्सच्या, गल्लीत सोडायचा विचारही नको, तिथेही सारात बहुतेक डुक्कर असतं. भाजीच्या सूप करीची दुकानं साप्पोरोत चांगली आहेत, पण सार कशाचं ते तिथेही विचारून घ्या.

हानासाकीचा हंगाम मात्र उन्हाळ्यात असतो आणि तो नेमुरोलाच जाऊन खायला हवा. बुचोंनी ऑगस्टच्या शेवटी बोलावलंय. कुशिरो शहरापासून पुढे नेमुरोला दिवसातून मोजक्याच गाड्या असतात, आणि तिथली हॉटेलंही थोडी. टोकियोतून कोणाला यायचं असेल तर जूनच्या आत मला सांगा.